ओंडक्यांचा ताबा

ज्या सकाळी जंगल खात्याच्या साहेबांनी मामांच्या वखारीतल्या परदेशी ओंडक्यांच्या थप्पीला दोरी गुंडाळून लाखेची मोहोर लावली, त्या सकाळी भाच्याच्या मनात एक आनंदाची बातमी होती. त्याची बायको दूरच्या शहरातल्या रुग्णालयात परिचारिका होती, आणि तिथल्याच एका फर्निचरच्या कारखान्याने त्याला कामावर बोलावले होते. लग्न झाल्यापासून दोघे सुट्टीपुरते भेटत. मामांना जेवण झाल्यावर सांगू, असे त्याने ठरवले होते. बोलायची वेळ आली की तो नेहमीच पुढची वेळ शोधत असे.

साहेब जेवणाआधी आले.

ओंडके अनेक हात बदलत आले होते, आणि मुळात कुठल्या रानात तुटले हे मामांना धड सांगता येईना. पूर्वी चोरून झाड तोडणारा तेवढा गुन्हेगार ठरे. नव्या कायद्याने ते लाकूड बाहेरून आणणाऱ्यालाही त्याच्याच शेजारी उभे केले होते. निकाल लागेपर्यंत माल हलवायचा नाही, कापायचा नाही, हातही लावायचा नाही. शिवाय तो सांभाळायला वखारीतच मुक्कामाला असणारा एक जबाबदार माणूस हवा, आणि तो मालक असून चालणार नव्हते.

"हा आहे की," मामा भाच्याकडे बोट दाखवून म्हणाले. "हा कुठे जातोय?"

ओठांपर्यंत आलेले वाक्य तिथेच बसकण मारून राहिले. भाच्याने सही केली.

मग उन्हाळा आला. ओंडक्यांच्या टोकांना मेण फासले नाही, तर सुकताना लाकूड तडकते. फासावे तर मालाला हात लावल्याचा ठपका, न फासावे तर माल बिघडवल्याचा. दुपारच्या निःशब्द उन्हात एखादा ओंडका कट् करून फुटे आणि ती चीर भाच्याला आपल्या छातीत कुठेतरी जाणवे. मामी मोहोरेच्या दोरीवर बिनदिक्कत कपडे वाळत घालीत. करवत थंड पडली होती. बंदरावरून नवा माल मागवायची मामांची छाती होत नव्हती. "घरात जावई येऊन बसल्यासारखं झालंय," ते गिऱ्हाइकांना सांगत. "सांभाळायचं, पण बोट लावायचं नाही."

बायको आधी फोनवर विचारायची, कधी येतोस. अलीकडे ती ते विचारत नसे. तिथल्या आपल्या खोलीच्या खिडकीतून काय दिसते, ते सांगत बसे. कारखाना त्याच्यासाठी महिनाअखेरपर्यंतच थांबणार होता.

त्याच महिन्यात साहेब पाहणीला आले, तेव्हा मामा वकिलाकडे गेले होते. प्रकरण लांबणार, साहेब म्हणाले. मात्र वखारीत राहणारे दुसरे कुणी सही करत असेल, तर भाचा मोकळा होईल. मामी तर मालकीणच; तेव्हा असा माणूस एकच उरला, फाटकावरचा म्हातारा राखणदार. गळ्यात कायम शिट्टी, पण ती वाजलेली कुणी ऐकली नव्हती, म्हणून त्याला सगळे शिट्टीकाका म्हणत.

भाच्याने त्याला काही न लपवता समजावले: बाहेर मुक्काम करता येणार नाही, माल बिघडला तर जाब द्यावा लागेल.

"करतो की सही," शिट्टीकाका म्हणाला. "मी कुठे जातोय?"

पेन पुढे करणारा भाच्याचा हात थबकला. शब्द मामांचेच होते. फक्त हा माणूस ते स्वतःविषयी बोलत होता.

"काका, तुम्हाला कुठे जायचंच नाही का?"

म्हातारा शिट्टीशी चाळा करत राहिला. मग खालच्या आवाजात त्याने सांगितले, की लेकीचे दिवस भरत आलेत, तिला आई नाही, आणि ती सारखी बोलावते आहे. "मालकांना सांगीन म्हणत होतो. त्यांचा रागरंग बघून."

भाच्याने पेन खिशात ठेवले.

"साहेब, नाव माझंच राहू द्या."

मामा परतले तेव्हा भाचा दारातच उभा होता. त्यांनी बूट काढायच्या आत त्याने सांगून टाकले, की शिट्टीकाकाला लेकीच्या बाळंतपणाला जायचे आहे, उद्यापासून त्याला सुट्टी द्या, फाटक मी बघेन.

"जाऊ दे की," मामा बुटाची नाडी सोडत म्हणाले. "एवढंच ना? मग इतके दिवस बोलला का नाही तो?"

इतके सोपे होते ते.

"मलाही जायचं होतं, मामा," तो म्हणाला.

नाडीवरची बोटे थांबली. मामांनी वर पाहिले. बाहेर, दोरीच्या आत, आणखी एक ओंडका फुटला.