बाल्कनीतलं रेशीम

"खोक्याला हात लावू नकोस," चपला काढता काढता हे म्हणाले.

"काय आहे खोक्यात?"

"जाईचा गुडघा."

रविवारची सकाळ होती. घट बसायचे होते म्हणून मी जाळीजळमटं काढायला घेतली होती. डोक्याला फडकं, हातात लांब दांड्याचा झाडू. खोकं बिस्किटांचं होतं, त्याला दाभणाने भोकं पाडलेली आणि वरून सुतळी. आमची जाई दिवाणावर पाय लांब करून बसली होती, गुडघ्याला पट्टा बांधून. तिने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. हे हात धुवायला आत गेले तेवढ्यात मी सुतळी सोडली.

आतून एक पाय बाहेर आला. काळा, बारीक आणि संपता संपत नव्हता. त्याच्यामागून हाताच्या पंजाएवढा कोळी आला, अंगावर पिवळे पट्टे. मी झाडू उगारला. ह्यांनी ओल्या हाताने माझं मनगट धरलं. लग्नानंतर इतक्या वर्षांनी ह्यांनी माझा हात धरला तो असा.

"मारू नकोस. सकाळपासून पारसिकच्या डोंगरावर फिरतोय ह्यांच्यासाठी."

"ह्यांच्यासाठी म्हणजे? किती आहेत?"

त्यावर ह्यांनी खोक्याचं झाकण लावून टाकलं.

सत्त्याण्णव साल असेल. नेरूळ तेव्हा नवंनवं होतं. आमची बिल्डिंग संपली की मैदान, मैदान संपलं की खाडीचा वारा. संध्याकाळी कोल्हे ओरडायचे. आता नातवंडांना सांगितलं तर आजी फेकते म्हणतात. सीवूड्सला जिथे आज सरकते जिने आहेत तिथे आम्ही चिखलातून चिंबोऱ्या पळताना पाहिल्या आहेत.

हे, म्हणजे श्यामसुंदर, मूळचे येवल्याचे. सासरे पैठणी विणायचे. मागावर बसायचं नाही असं ठरवून हे घरातून निघाले, मुंबईत चार ठिकाणी फिरले आणि शेवटी पावणे गावातल्या एका कारखान्यात चिकटले. तिथे काय बनायचं? ऑपरेशननंतर टाके घालायचा रेशमी दोरा. सासरे म्हणायचे, "शेवटी रेशीमच गुंडाळतोयस ना? मग इथं काय वाईट होतं?"

जाई खो-खो खेळायची. धावायला लागली की तिची वेणी मागे आडवी राहायची, खाली पडायचीच नाही. ठाणे जिल्ह्याच्या संघात तिची निवड झाली होती. राज्य स्पर्धेच्या सरावात खांबाशी वळताना पाय तिथेच राहिला आणि गुडघा फिरला. डॉक्टर म्हणाले, आतलं लिगामेंट तुटलंय, ऑपरेशन लागेल, खेळाचं मात्र काही सांगता येत नाही. दवाखान्याच्या पायरीवर जाई रडायला लागली, तेव्हा हे म्हणाले, "तू पुन्हा खेळशील. माझा शब्द आहे."

ह्यांनी शब्द वगैरे कधी कोणाला दिल्याचं मला आठवत नाही. दूधवाला "उद्या एक पिशवी जास्त ना?" म्हणाला तरी हे "बघू" म्हणायचे.

शब्द देऊन बसले आणि मग तो पुरा कसा करायचा ह्याच्या मागे लागले. कारखान्यात केयूर नावाचा एक तरुण केमिस्ट होता. तो चहाच्या वेळेला ह्यांना म्हणाला, "श्यामकाका, कोळ्याचा धागा स्टीलपेक्षा स्ट्राँग असतो. आणि बॉडीला तो परका वाटत नाही. फॉरेनमध्ये त्याची लिगामेंट बनवायचं चाललंय."

"चाललंय?"

"म्हणजे विचार चाललाय."

ह्यांनी पहिली तीन वाक्यं ऐकली. चौथं ऐकलं नाही.

रेशमाचे किडे एका टोपलीत गुण्यागोविंदाने पाला खात बसतात, हे येवल्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्या हिशेबाने ह्यांनी सगळे कोळी एका खोक्यात ठेवले, वर मूठभर तुतीचा पालाही टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी झाकण उघडलं तर पाला तसाच आणि कोळी एक. चांगला गलेलठ्ठ झालेला. बाकीच्यांचे नुसते पाय.

समोरच्या ब्लॉकमधले बाजीराव तेवढ्यात पेपर मागायला आले होते. साताऱ्याकडचे, वाशीच्या मार्केटात कांद्याचा गाळा. शिवाय आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांनी खोक्यात डोकावून पाहिलं.

"आमच्या मार्केटात बी असंच हाय, श्यामराव," ते म्हणाले. "हंगाम सुरू व्हताना समदे असत्यात. शेवटाला एकच ऱ्हातो. त्यो असाच दिसतो."

हे पुन्हा डोंगरावर गेले. ह्या वेळी प्रत्येकाला वेगळा डबा. आणि प्रत्येकाला वेगळी जागा. एक बाल्कनीत, एक स्वयंपाकघराच्या खिडकीत, एक न्हाणीघराच्या झरोक्यात. जाळी अशी ताणलेली, की कपडे वाळत घालायला मी वरच्या गच्चीवर जायला लागले. त्या नवरात्रात आमच्या घरातली जाळी काढायची सोडून मी जाळ्यांखालून वाकून जात होते. बाजीरावांनी सोसायटीचे नियम काढून पाहिले.

"वहिनी, कुत्र्याचं लिवलंय, मांजराचं लिवलंय. ह्याचं कायबी न्हाय. आता तक्रार आली तर मी कुटल्या कलमात बसवू?"

"तक्रार कोणाची आली?"

"माजीच हाय."

कोळ्यांना खायला माश्या लागत. आमचं घर मी स्वच्छ ठेवत असल्यामुळे माश्यांची टंचाई होती, हेही माझ्याच माथी आलं. मग ह्यांना कल्पना सुचली. शिरवणे गावची मुक्ताबाई आमच्या कोपऱ्यावर मासे घेऊन बसायची. मी मासे घ्यायला गेले तेव्हा हेही बाटली घेऊन आले, तिच्यापुढे उभे राहिले आणि अगदी अदबीने म्हणाले, "बाई, तुमच्या टोपलीवरच्या माश्या पकडल्या तर चालतील का?"

मुक्ताबाईने कोयता खाली ठेवला. त्यावरून तिच्या मनाला किती लागलं ते मी ओळखलं.

"माजे टोपलीवर माशी? अरं दादा, सक्कालचा म्हावरा हाय. माशी बसंल कशी? तुजी बायको इतकी वर्सं नेते, इचार तिला."

"तसं नाही, बाई. मुलीच्या गुडघ्यासाठी हव्यात."

मुक्ताबाईने माझ्याकडे पाहिलं. नवऱ्याचं डोकं फिरलं की बायकांना एकमेकींशी बोलावं लागत नाही. दुसऱ्या दिवसापासून ती शिळ्या माशांची डोकी एका पाटीत बाजूला ठेवायला लागली, टोपलीपासून चांगली लांब, म्हणजे लोकांचा गैरसमज नको. हे रोज तिथे बाटली घेऊन बसायचे. येणारीजाणारी माणसं विचारायची, मुक्ताबाई सांगायची, "पोरीचं दवा हाय."

धागा काढायचा दिवस मला स्पष्ट आठवतो. ह्यांनी येवल्याहून असारी मागवली होती. रेशीम उलगडायचं ते बांबूचं हलकं चक्र असतं, तेच. थर्माकोलच्या तुकड्यावर कोळी उताणा ठेवला आणि जाईच्या केसांच्या पिनांनी त्याचे पाय हळूच अडकवले, एकालाही टोचणार नाही असे. मग चिमट्याने पोटाच्या टोकाशी स्पर्श केला आणि मागे ओढला.

"फिरव," हे जाईला म्हणाले.

"धागा कुठाय?"

"तू फिरव तर."

जाई असारी फिरवायला लागली. मला काहीच दिसत नव्हतं. बाप चिमटा धरून बसलेला, मुलगी रिकामं चक्र फिरवते आहे. मग पश्चिमेकडचं ऊन बाल्कनीत आलं आणि तो धागा दिसला. सोनेरी. पैठणीच्या जरीला रंग असतो, ह्याला नुसता उजेड होता.

"आई गं," जाई म्हणाली. पडल्यापासून ती पहिल्यांदा हसत होती. "बाबा, हा माझ्या गुडघ्यात?"

"हाच."

"मग मी पडले तर लटकून राहीन."

महिनाभर दोघं संध्याकाळी असारी घेऊन बसायची. मी दोघांना बसू दिलं. गुडघ्याचं मला काही कळत नव्हतं, पण पोरगी जेवायला लागली होती.

ऑपरेशनची तारीख घ्यायला गेलो तेव्हा हे इस्त्रीचा शर्ट घालून आले. डॉक्टरांच्या टेबलावर ह्यांनी कॅमेऱ्याच्या रोलची काळी डबी ठेवली. आत कांडीवर गुंडाळलेला धागा, जेमतेम एखाद्या बुगडीएवढा.

"हा वापरा," हे म्हणाले. "कोळ्याचा आहे. मी स्वतः काढलाय. एकही गाठ नाही."

मला वाटलं डॉक्टर हसतील. ते हसले नाहीत. कांडी घेऊन खिडकीशी गेले, उजेडात बराच वेळ धरून उभे राहिले.

"मी ह्याच्याबद्दल वाचलंय," ते म्हणाले. "कधीतरी होईलही. पण हा शुद्ध करायचा, तपासायचा, माणसात टिकतो का ते पाहायचं. तोवर मी रिटायर होईन, श्यामसुंदरजी. मी तुमच्या मुलीच्या गुडघ्यात हा नाही घालणार."

"मग काय घालणार?"

"तिचंच. गुडघ्याच्या वाटीखाली एक पट्टी असते. तिच्यातला मधला भाग काढून आत बसवतो."

"तिचं कशाला काढता? माझं काढा. मी दिवसभर खुर्चीवरच असतो."

"तुमचं तिच्या शरीराला परकं वाटेल."

"मी बाप आहे तिचा."

"हो," डॉक्टर म्हणाले. "पण शरीराला ते कळत नाही."

ह्यांनी डबी खिशात घातली. जाई म्हणाली, "बाबा, तारीख घ्या ना."

ऑपरेशन झालं. दोरा शुद्ध होऊन तपासून येईपर्यंत गुडघा थांबत नाही. थंडी सरता सरता कोळी एकेक करून गेले, त्यांचं आयुष्यच तेवढं. मी जाळी काढायला झाडू घेतला तेव्हा ह्यांनी अडवलं नाही. पेपर वाचत बसले, पण पान उलटलं नाही.

जाई चालायला लागली, जिने चढायला लागली. एका सकाळी आम्हाला न सांगता मैदानावर गेली. हे मागून गेले, ह्यांच्या मागून मी. ती मुलींच्या ओळीत एका चौकोनात उकिडवी बसली. म्हणजे बसायला गेली. गुडघा अर्ध्यावरून पुढे वाकला नाही. मागून "खो" आला तेव्हा ती तशीच अर्धवट, एक हात जमिनीला टेकून. उठली, माती झटकली, ओळीतून बाहेर आली. आम्हाला पाहिलं.

"टेन्शन घेऊ नका, बाबा," ती म्हणाली. "पळता येतंय. बसताच येत नाही."

"मी शब्द दिला होता," हे म्हणाले.

"मग? मी कुठे तुम्हाला बाद दिलंय?"

त्या बोलण्यातच तिच्या मनात काहीतरी आलं असावं. वर्षभराने तिने पंचांची परीक्षा दिली. पहिला सामना आमच्याच मैदानावर, शाळेच्या मुलींचा. हे अर्धी सुट्टी टाकून आले आणि बाजीरावांना घेऊन पहिल्या रांगेत बसले. जाई पांढऱ्या कपड्यांत खांबाशी उभी राहिली. पाठलाग करणाऱ्या मुली आपापल्या चौकोनात बसल्या. ओळीतल्या सगळ्या उकिडव्या, ती उभी.

तिने शिट्टी वाजवली आणि ह्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

शेजारच्या खुर्चीवरचे गृहस्थ ह्यांच्याकडे वळले. "काका, अजून कोणी बाद झालेलं नाही."

"मला दिसतंय," हे म्हणाले, आणि वाजवत राहिले.