बाळाच्या तापाचा आकडा

"सापडलं नाही म्हणजे कुणी लपवलंच, असं धरून चालू नकोस गं," आई म्हणायची. तो आवाज अजून कानात आहे. पण त्या दुपारी मी तसंच धरून चालले होते.

माझी नणंद इस्पितळात नर्स. तिच्या वॉर्डातल्या एका बाळाला ३८.६ अंश सेल्सिअस ताप होता आणि तो तिने लगेच कॉम्प्युटरवर भरला, असं ती सांगत होती. वॉर्डातल्या नोंदींचं ते वेबपान मी आणि माझ्या धाकट्या दिराने बनवलेलं. तापाचे सगळे आकडे एका टाइप्ड अ‍ॅरेत, म्हणजे एकाच मापाच्या कप्प्यांच्या रांगेत बसलेले. मी त्यात ३८.६ शोधला. एकही सापडला नाही. तापाची नोंदच नाही म्हणून उद्या तिची चौकशी होती आणि नोकरी टांगणीला.

"वन्सं, खरंच भरला होतात ना?"

"वहिनी, आता तुम्हीसुद्धा?"

शंका मऊ पावलांनी येते आणि उशाशीच बसते. एरवी बडबडणारा दीर आज मिठाची गुळणी धरून खिडकीशी उभा होता. माझी नजर त्याच्याकडे वळली.

"भावजी, आकडा तुम्ही पुसलात?"

"पुसला नाही, तिथेच आहे." तो खाली बघत म्हणाला. "पान जड झालं म्हणून मी कप्पे निम्म्या मापाचे केले. तुम्ही रागवाल म्हणून बोललो नाही. त्या कप्प्यात ३८.६ नेमका मावत नाही, ३८.५९९९९८ होऊन बसतो. तुमचा शोध तंतोतंत आकडा मागतो, मग जुळणार कसा? ताईने ताप भरला होता, वहिनी."