एफ.ओ.बी. म्हणजे वर्धा

लकडगंजातल्या चंपतरावांना पाहुण्याला दारातून निरोप देणं कधी जमलंच नाही. ते स्टेशनवर जात, गाडीतही चढत, गप्पांच्या नादात वर्धा आलं की उतरत आणि पुढच्या गाडीनं परत येत. त्यांच्या सागवानी खुर्च्यांच्या कारखान्यात मी टायपिस्ट होते. असा मालक डोकं उठवतो, पण त्याच्यावर राग टिकत नाही.

सदुसष्टच्या एप्रिलात हॅम्बुर्गच्या एका दुकानदारानं दोनशे घडीच्या खुर्च्यांचा भाव विचारला. आमची पहिलीच परदेशी मागणी. एफ.ओ.बी. भाव दिला, तर मुंबईला जहाजावर चढेपर्यंत माल आपला, पुढचं सगळं गिऱ्हाइकाचं. सी.आय.एफ. दिला, तर हॅम्बुर्गपर्यंतचं भाडं आणि विमाही आपल्याच गळ्यात, तेही आज ठरवलेल्या भावात.

"सी.आय.एफ. टाइप कर," चंपतराव म्हणाले. "माल अर्ध्या रस्त्यात सोडून देणं बरं दिसते काय?"

"भाडं वाढलं त अकरा सुतारायले घरी बसवा लागन."

"काहून वाढन वं?"

मला चीड आली. "काका, पाहुण्याले सोडाले वर्ध्यापर्यंत जाता, मुंबईपर्यंत काहून नाही जात?"

"एवढं तिकीट कोण काढन?" ते म्हणाले आणि आपलंच बोलणं त्यांच्या ध्यानात आलं. मग पुटपुटले, "एफ.ओ.बी. टाक."

जूनमध्ये तिकडे युद्ध पेटलं, सुएझ कालवा बंद पडला. जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली, भाडं भडकलं. ते सगळं हॅम्बुर्गवाल्यानं भरलं आणि मी आठवडाभर ऐटीत फिरले.

खोकी घेऊन चंपतराव स्वतः मुंबईला गेले. शेवटच्या खोक्यात त्यांनी स्वतःचा पत्ता घातलेलं पोस्टकार्ड, दुकानदारानं तिथून टपालात टाकावं म्हणून, ठेवलं होतं, मजकुरासकट: "सुखरूप पोचलो." आपलं टपालाचं तिकीट तिथं चालत नाही, असं मी कानीकपाळी ओरडले होते. पण परतल्यापासून त्यांचा एकच घोष: "पोचल्याचं पत्र नाही आलं."

सप्टेंबरात हॅम्बुर्गहून लिफाफा आला. आत तेच कार्ड आणि एक चिठ्ठी. कार्डावर काय लिहिलंय ते कळलं नाही, पण पत्ता तुमचा दिसला म्हणून परत पाठवतो, असं दुकानदारानं लिहिलं होतं. खाली आणखी चारशे खुर्च्यांची मागणी होती, भाव या वेळी भाड्याविम्यासकट हवा होता.

चंपतरावांनी स्वतःचंच कार्ड दोनदा वाचलं आणि डोळे पुसले. 

"या बारीनं हॅम्बुर्गपर्यंत सोडून देऊ," ते म्हणाले. "पण तिकीट भावात आधीच धरजो."