सरकत्यांचा शेवटचा सेट

"झाकण लावू का?" बायकोने स्क्रूचा डबा खुळखुळवत विचारलं.

"हात लावू नकोस! घड्याळजी अजून बोलले नाहीत."

हा या कारखान्याचा रिवाज होता. कारखाना कसला, घराच्या पुढच्या खोलीत टाकलेली दोन टेबलं. घरबसल्या दूरदूरच्या माणसांशी रेडिओवर गप्पा मारायचा नाद असलेल्या हौशी मंडळींसाठी तिथे सेट बनायचे. नवा सेट तयार झाला की मालक त्याच्यावरून दुसऱ्या गावातल्या घड्याळजींना हाक मारणार, आणि त्यांनी 'पास' म्हटल्याशिवाय झाकण लागणार नाही. घड्याळजी म्हणजे घड्याळं दुरुस्त करणारे एक गृहस्थ. दोघांनी एकमेकांचं तोंड कधी पाहिलं नव्हतं, पण मैत्री अशी की विचारू नका.

या सेटांना एक खोड होती. तापले की आवाज जागेवरून सरकायचा, आणि ऐकणाऱ्याला बटण फिरवत त्याच्या मागे मागे जावं लागायचं. मंडळी खट्याळ; त्यांनी मालकांचं नावच 'सरकते' पाडलं. तरी सेट घ्यायचे, कारण दुसरं मिळत काय होतं? मग परदेशी सेट आले. तळहाताएवढे, देखणे, स्वस्त, आणि मेले जागचे हलत नाहीत! बघता बघता सरकत्यांकडे कुणी फिरकेना. उद्या टेबलं उचलायची, हे ठरलं होतं. पण या माणसाला एकच ध्यास लागला होता: एक तरी न सरकणारा सेट आपल्या हातून व्हावा, आणि घड्याळजींनी तो ऐकावा. त्यासाठी बायकोने आतल्या कॉइलची तार गरम करून चिनी मातीच्या नळीवर ताणून ताणून गुंडाळली होती, म्हणजे सेट तापला तरी ती ढिली पडायची नाही. बोटं पोळली तेव्हा तिने नवऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, पण गुंडाळली.

आता सेट चांगला तापला होता. सरकते माईकवर हवापाण्याच्या गप्पा हाणत होते आणि बायको जीव मुठीत धरून उभी होती.

घड्याळजींचा आवाज आला. "अहो सरकते, काय खणखणीत येताय! एका जागी खांबासारखे उभे! घेतलात ना शेवटी परदेशी सेट? बरं केलंत. मीही मागच्या महिन्यात घेतला. तुम्हाला सांगायची लाज वाटत होती हो."

सरकत्यांचा चेहरा उतरला. ज्या शाबासकीसाठी जिवाचं रान केलं, ती परक्याच्या पदरात पडली होती. आणि घड्याळजींनीसुद्धा परदेशी घ्यावा! बायको मात्र भडकली.

"सांगा ना त्यांना! तोंड शिवलंय का?"

सरकत्यांनी माईक तोंडाशी नेला. "परदेशी नाही. आमचाच आहे. कॉइल हिने गुंडाळलीय. उद्यापासून बंद करतोय आम्ही. ओव्हर."

मग घड्याळजी बोलले, ते यांच्याशी नव्हेच. "अगं ए, हातातलं टाक आणि इकडे ये. आपल्या सरकत्यांनी स्वतः बनवलाय. अगं, ऐक तरी!" खुर्ची ओढल्याचा आवाज आला. "हं, बसली ही शेजारी. आता बोला. काहीही बोला."

सरकत्यांनी तोंड उघडलं. इतकी वर्षं तासन् तास बडबड करणारा माणूस, पण एक शब्द फुटेना. डोळे भरून आले होते. माईकचं बटण दाबायचंही त्यांना सुचलं नाही.

बायकोने त्यांच्या अंगठ्यावर आपला अंगठा ठेवला आणि बटण दाबलं.

"बोला हो," ती हळूच म्हणाली, "थांबलीयत ती दोघं."