लिफ्ट चालू असल्याबद्दल

सुशीलाबाईंचं खुब्याचं हाड मोडून आज बारावा दिवस. ऑपरेशनची तारीख तिसऱ्यांदा हुकली. थिएटर तिसऱ्या मजल्यावर आणि या सरकारी दवाखान्याची लिफ्ट पाच महिने बंद! खाटाही पुरत नव्हत्या, म्हणून त्या व्हरांड्यात पडून होत्या. विद्यानगरातले शेजारी कानीकपाळी ओरडत होते, "नव्या काचेच्या खाजगी दवाखान्यात हलवा." पण हणमंतराव पडले इथल्याच सल्लागार समितीवर जनतेचे प्रतिनिधी. बायकोला दुसरीकडे न्यायचं कुठल्या तोंडानं?

शेवटी त्यांचं पित्त खवळलं. ते तडक सुपरिंटेंडंटच्या खोलीत शिरले.

"लिफ्ट कायकू बंद है? जिम्मेदार कौन है, नाम बोलो!"

सुपरिंटेंडंटनं थंडपणे फाईल पुढे सरकवली. "कागज पे तो चालू है साब. पिछले महिने कमिटी देखको गई. ये दस्तखत आपकाच है ना?"

सही त्यांचीच होती, झोकदार उर्दूत. वरचा मजकूर मात्र तेलुगू, इथल्या सरकारी कामाची भाषा. निजामाच्या काळात उर्दू शाळेत शिकलेले हणमंतराव तेलुगू फर्डी बोलत, पण वाचायच्या नावानं शून्य. चारचौघांत हे कबूल करायचं म्हणजे नाक कापून घ्यायचं! म्हणून दर बैठकीला ते चष्मा लावत, ओळींवरून बोट फिरवत, मान डोलावत आणि चहा संपायच्या आत सही ठोकत. आता स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली त्यांना. पाच वर्षं नुसता शहाणपणा मिरवला आणि भोगतेय कोण, तर सुशीला.

फाईल उचलून ते व्हरांड्यात आले. मागून सुपरिंटेंडंट "साब, साब" करत धावला. समोर गंगू आया फरशी पुसत होती.

"गंगू, मेरेकू तेलुगू पढना नहीं आता," ते सगळ्यांदेखत म्हणाले. कान तापले होते त्यांचे. "ये पढको सबकू बोल. जोरसे."

गंगूनं हात पदराला पुसले. वाचत वाचत ती सांगू लागली. लिफ्ट चालू आहे, समितीनं स्वतः पाहिली, समिती समाधानी आहे. जिन्यावरून चादरीत घालून बापाला वर नेणारे दोघे भाऊ तिथंच थांबले.

"किसका दस्तखत है?" त्यांतल्या एकानं विचारलं.

"मेरा," हणमंतराव म्हणाले.

तेवढ्यात फरशीवरच्या गादीवरून सुशीलाबाईंचा आवाज आला, "थांबली का ती? पुढचं पान वाचायला सांगा. आणखी कशाकशाबद्दल तुम्ही समाधानी होतात, ते कळू दे मला."