जळकोटच्या काळ्या माळाची फिर्याद

मी एक जुना माळ आहे. जुना म्हणजे किती, तर साडेसहा कोटी वर्षांचा! मित्रांनो, जळकोटजवळच्या एका गावाला लागून मी उभा आहे, आणि कुणी मला ‘नुसता दगड’ म्हटलं की माझं टाळकं फिरतं.

जमिनीच्या पोटात वितळलेला खडक असतो, तो मॅग्मा. इथं जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या, तो वर आला आणि लाव्हा होऊन दूरवर पसरला. एक थर थंड झाला की त्यावर दुसरा. म्हणून माझा माथा सपाट आणि अंगाला पायऱ्या. थरांच्या वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकले, तिथं भोकं राहिली. त्या भोकाळ, भेगाळलेल्या खडकात मी पावसाचं पाणी साठवतो आणि खालचा घट्ट काळा पाषाण ते अडवून धरतो. त्यावरच पायथ्याशी शेती करणाऱ्या नागुबाईची विहीर चालते. तिची वांगी-मिरची त्या पाण्यावर आणि गावच्या महादेवाचा अभिषेकही त्याच पाण्याचा.

यंदा देवळाचे पंच रेवणसिद्ध आप्पा यांनी ठरवलं, महादेवाला नवा ओटा बांधायचा, तोही माझ्याच काळ्या दगडाचा. सुरुंग लावायला माणसं आली. नागुबाई धावत आली.

“आप्पा, हितं नगा फोडू. खालचा पाषाण तडकला तर पाणी ऱ्हायचं न्हाई.”

“मावशी, देवाचं काम हाय. देव पाणी कमी पडू देतो व्हय?”

माझ्या अंगाला छिद्रं पाडायची आणि नाव देवाचं! सुरुंग उडाले, माझा घट्ट थर चिरला. आठ दिवसांत विहिरीचा तळ दिसला. नागुबाईची मिरची उभी वाळली. ओटा मात्र झकास झाला, आणि त्यावर महादेवाला अंघोळ टँकरच्या पाण्याने! मला इतका संताप आला की काय सांगू.

परवा आप्पा पुन्हा माणसं आणि छिद्रं पाडायचं मशीन घेऊन आले. देवळाच्या कमानीला दगड कमी पडत होता. नागुबाई सुरुंगाच्या भोकावरच बसली.

“आधी माझ्या हिरीचं पाणी महादेवाला घाला, मग दगड न्या.”

आप्पांनी हात करून माणसांना थांबवलं. माणसं मशीन घेऊन परत फिरली.

मी वाचलो, पण विहीर अजून कोरडीच आहे. मित्रांनो, दगड हवाच असेल तर न्या, पण त्यावर कुणाचं पाणी उभं आहे ते आधी विचारा. माझी चीर सांधायला आता लाव्हा कुठून आणणार? इथला विस्तव केव्हाच विझला.