ताईला द्यायचे शेरे

विद्यार्थ्यांचे प्रबंध तपासणारे यंत्र आणायचे महाविद्यालयाने ठरवले आणि त्याच्या नावासाठी समिती नेमली. समितीत सात पुरुष होते, त्यामुळे ‘ताई’ हे नाव एकमताने मंजूर झाले. ताई थकणार नव्हती, रजा मागणार नव्हती, उलट उत्तर देणार नव्हती. अशी बाई समिती बरीच वर्षे शोधत होती.

ताईला शिकवायचे होते जुन्या शेऱ्यांवरून. इतिहास विभागात तीन सर आणि एक बाई. सरांची पद्धत जुनी आणि सुटसुटीत होती: प्रबंधाचे वजन हातावर जोखायचे, शेवटच्या पानावर ‘पाहिले’, फार तर आणखी दोन शब्द लिहायचे आणि सही ठोकायची. बाई तेरा वर्षे कंत्राटावर होत्या. त्या पानापानाच्या समासात लिहीत, ‘राजाची आई कुठे गेली? मागच्या पानावर तर होती.’

विभागप्रमुख संमतिपत्र घेऊन आले.

“बाई, एवढी एक सही. तुमचे शेरे ताईला द्यायचेत.”

“माझेच का, सर?”

“तुमच्या शेऱ्यांत कशी माया असते.”

“माया नाही हो, मान मोडते माझी.”

“तेच ते.”

“आणि ताई शिकली की माझी नेमणूक?”

सरांनी पंख्याकडे पाहिले. “सही झाली तर बघू. नाही झाली, तर बघण्यासारखं काही उरणार नाही.”

घरी थोरल्या जाऊबाईंनी कागद डोळ्यांजवळ धरून वाचला. त्या पूर्वी टेलिफोन खात्यात नोकरीला होत्या.

“आमच्याकडे नवं मशीन आलं तेव्हा त्याला सगळं मीच समजावलं. साहेबांनी टाळ्या वाजवल्या आणि महिन्याभरात आम्हा चौदा जणींना घरी बसवलं. टाळ्या मात्र मनापासून होत्या हो!”

दुसऱ्या दिवशी बाईंनी कागदावर लिहून दिले, ‘हे शेरे म्हणजे माझं त्या त्या मुलाशी झालेलं बोलणं आहे. परवानगी नाही.’

“बाईमाणूस जरा हळवं असतं,” प्रमुखांनी बैठकीत खुलासा केला. “नवं काही आलं की घाबरतात.”

परंतु पाहुण्यांसमोर ताईचे प्रात्यक्षिक करायची तारीख छापून गेली होती. मग ताईला तिन्ही सरांचे तेरा वर्षांचे शेरे घालण्यात आले. ते सगळे एका दुपारीत मावले.

सभागृह भरले. पाहुणे पहिल्या रांगेत बसले. एका मुलीचा सुईणींच्या इतिहासावरचा शंभर पानी प्रबंध ताईपुढे ठेवला गेला. ताई क्षणभर थांबली आणि मधाळ आवाजात म्हणाली, “पाहिले.”

“ताई, जरा सविस्तर,” प्रमुख घाम पुसत म्हणाले.

“पाहिले. अक्षर सुधारा.”

प्रबंध टाइप केलेला होता. मागून कुणीतरी फिसकन हसले. प्राचार्यांनी बाईंना दारापाशी गाठले आणि आवाज खाली आणला.

“सही करा. कायम करतो तुम्हाला. आजच.”

‘कायम’ हा शब्द ऐकायला बाईंनी तेरा वर्षे काढली होती.

“सर, मला कायम करून मी काय करायचं? शेरे तर ताई देणार.”

“तुम्ही तिच्यावर लक्ष ठेवा. तिचं चुकलं की दुरुस्त करा.”

“म्हणजे तिघांच्या मागचं निस्तरत होते, आता चौथीच्याही. नाही करत सही.”

“मग पुढच्या वर्षी बोलावणार नाही.”

“नका बोलावू. हे वर्ष संपायला अजून दोन महिने आहेत.”

बाई सभागृहाच्या पायऱ्या उतरून पुढे आल्या. ती मुलगी भिंतीशी रडवेली उभी होती. तिचा प्रबंध यंत्रापुढून उचलून त्या पाहुण्यांच्या रांगेत, एका रिकाम्या खुर्चीवर बसल्या आणि तिला शेजारी ओढले.

“ये गं. पहिल्या पानापासून सांग, तुला या सुईणी भेटल्या कुठे?”

“बाई, सगळे खोळंबलेत!” प्रमुख माइकवरूनच ओरडले.

“बसा सर,” बाई मान वर न करता म्हणाल्या. “शंभर पानं आहेत.”